मुंगीची नांगी

मराठीत जवळपास सगळंच चावतं. डास चावतो, कुत्रा चावतो, विंचू चावतो, नवी चप्पलसुद्धा चावते. मुंगीही चावतेच. तिने त्वचेत जबडा रोवला की आपण 'आई गं' म्हणून हात झटकतो, जागा दोनदा चोळतो आणि कामाला लागतो. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत एक मुंगी आहे, जिच्यासाठी हे एक क्रियापद अपुरं पडतं. ती आधी चावते आणि मग नांगी मारते. चावणं हे तिचं नुसतं पाय रोवणं असतं. जबड्यांनी कातडी घट्ट धरायची, पाठ वाकवायची, पोटाच्या टोकाची नांगी खुपसून विष सोडायचं, नांगी काढायची, जबडा न सोडता अंग थोडं फिरवायचं आणि पुन्हा नांगी मारायची. एकच मुंगी अशा सात-आठ नांग्या मारू शकते. म्हणून तिच्या डंखांचे ठिपके पुष्कळदा अर्धवर्तुळात किंवा कड्यासारखे उमटतात, आणि मधोमध जबड्याच्या खुणा असतात.

हीच फायर अँट. रंग तांबूस तपकिरी, लांबी दोन ते सहा मिलिमीटर. एकाच वारुळात लहान-मोठ्या सगळ्या आकारांच्या कामकरी मुंग्या दिसतात. ह्यूस्टन, डॅलस किंवा अटलांटाला लेकीकडे, मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना पहिल्याच आठवड्यात एक सूचना मिळते: 'हिरवळीवर अनवाणी जाऊ नका.' ही सूचना पाळायला अवघड जाते. सकाळी दव पडलेल्या गवतावरून अनवाणी चालणं हे आपल्याकडे आरोग्याचं लक्षण. शिवाय हिरवळ इतकी नीट कापलेली असते की तिच्यात काही असेल असं मनातही येत नाही. पाय नेमका भुसभुशीत मातीच्या उंचवट्यावर पडतो. मुंग्या गाजावाजा न करता घोट्यावरून वर चढतात, तोवर काहीच कळत नाही. एक डसते, माणूस पाय हलवतो, आणि त्या हालचालीने, शिवाय मुंग्या हवेत सोडतात त्या धोक्याच्या गंधाने, उरलेल्या सगळ्या एकदमच तुटून पडतात. ज्यांना हा अनुभव आला आहे त्यांना वाटतं की कुणीतरी इशारा केला असावा. एका परीने ते खरंच आहे.

एक नांगी म्हणाल तर फार मोठी नाही. कीटकांच्या डंखांची वेदना स्वतःच्या अंगावर मोजणारे अमेरिकी शास्त्रज्ञ जस्टिन श्मिट यांनी एक ते चार अशी पायरी ठरवली होती. तिच्यात मधमाशी दोनवर आहे आणि फायर अँट एकवर. त्रास संख्येचा आहे. मधमाशी एकदा डसते. इथे मिनिटभरात पन्नास-शंभर डंख होऊ शकतात.

आता उपचाराकडे वळायचं, तर आधी एक जुना समज बाजूला ठेवावा लागेल. मुंगीच्या चाव्यात फॉर्मिक आम्ल असतं, म्हणून त्यावर खाण्याचा सोडा किंवा चुना लावावा, आम्ल निष्प्रभ होतं आणि आग थांबते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. हे शिकवणं खोटं नाही, पण ते वेगळ्या मुंगीबद्दल आहे. कोकणात आंब्या-काजूच्या झाडावर पानं शिवून घरटं करणारी ती तांबडी मुंगी, जिला कुठे ओंबील तर कुठे हुमला म्हणतात, तिला नांगीच नसते. ती चावते आणि पोटाच्या टोकातून त्या जखमेवर फॉर्मिक आम्ल फवारते. फायर अँटचं विष मुळातच निराळं. त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग सोलेनॉप्सिन आणि त्याच्या भावंडांचा असतो. ही तेलकट, पाण्यात न विरघळणारी अल्कलॉइडं आहेत, म्हणजे आम्लाच्या उलट टोकाची रसायनं. शिवाय विष कातडीवर सांडलेलं नसतं, कातडीच्या आत टोचलेलं असतं. त्यामुळे वरून लावलेला सोडा त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि पोचला तरी उपयोगाचा नाही. चुना तर कातडी भाजतो. टेक्ससमध्ये ब्लीच आणि पाणी चोळणारेही भेटतात. अमोनिया, टूथपेस्ट, मांस मऊ करायची पूड, अशी तिथल्या घरगुती उपायांची यादी लांब आहे. यांतल्या कुठल्याही उपायाने पुढे येणारी पुळी टळते असं दिसलेलं नाही. ब्लीचने मात्र कातडी सोलते, आणि तो त्रास मुंगीने दिलेला नसतो.

मग करायचं काय? सगळ्यांत आधी तिथून दूर व्हायचं. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण माणसं वारुळावरच उभी राहून पाय झटकत बसतात. नुसत्या झटकण्याने किंवा नळाच्या धारेखाली पाय धरल्याने मुंग्या लगेच सुटत नाहीत, कारण जबड्यांची पकड घट्ट असते. तळहाताने किंवा फडक्याने खसाखसा पुसून काढायच्या. बूट, मोजे काढायचे, पँट झटकायची, साडीच्या निऱ्या, ओढणी, लेंग्याची नाडी बघायची. लहान मूल असेल तर सगळे कपडे उतरवून डायपरच्या कडेपर्यंत तपासायचं. मधमाशीसारखा काटा मागे राहत नाही, तेव्हा तो शोधत त्वचा खरवडू नये. हाताला डंख असतील तर अंगठ्या आणि बांगड्या लगेच काढाव्यात, कारण तासाभरात बोट सुजलं की त्या निघत नाहीत.

नंतर जागा साबण-पाण्याने धुवायची. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं शेकायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा शेकायचं. पाय असेल तर उशीवर उंच ठेवायचा. पहिली आग अर्ध्या-एक तासात ओसरते आणि तिची जागा खाज घेते. ही खाजच जास्त छळते. तिच्यावर सेटिरिझिनसारखी अॅलर्जीची गोळी, एक टक्का हायड्रोकॉर्टिझोन असलेलं मलम किंवा साधं कॅलामाइन लोशन चालतं. आधीपासून इतर औषधं सुरू असतील, गर्भारपण असेल किंवा मूल अगदी लहान असेल तर गोळी डॉक्टरांना विचारूनच. नखं कापून टाकावीत, मुलांची तर आवर्जून. रात्री झोपेत होणारं खाजवणं जाग्या माणसाच्या निग्रहाने थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे दिसतं त्याने माणूस पहिल्या दिवसापेक्षा जास्त घाबरतो. प्रत्येक डंखाच्या जागी पांढरट-पिवळ्या तोंडाची टपोरी पुळी उभी राहिलेली असते. पू झाला, जंतू शिरले, आता ही फोडून साफ करायला हवी, हा आपला पहिला विचार. पायाला काटा रुतून पू झाला की फोडून मोकळा करायचा, हे आपण घराघरांत पाहिलेलं असतं. इथे मात्र ती पुळी फोडू नये. तिच्यात जंतू नसतात. अल्कलॉइडांनी मारलेल्या पेशी आणि तिथे धावून आलेल्या पांढऱ्या पेशी एवढाच ऐवज असतो. दिसतो पुवासारखा, पण तो जंतुसंसर्ग नव्हे. वरची पातळ कातडी हीच तिथली सर्वांत चांगली पट्टी आहे. ती तशीच ठेवली तर काही दिवसांत, फार तर आठवडा-दहा दिवसांत, पुळी आपोआप सुकते. काहींना काळसर डाग राहतो, तोही सहसा हळूहळू फिका पडतो. सुईने टोचली, नखाने फोडली, की बाहेरच्या जंतूंना वाट मिळते. फायर अँटच्या डंखानंतर अँटिबायोटिक घ्यावं लागलेल्या माणसांपैकी पुष्कळांना ते मुंगीमुळे नव्हे, या फोडण्यामुळे लागतं. मला या साऱ्या विषयात एकच गोष्ट प्रत्येक घरात पोचवता आली, तर मी हीच निवडेन.

चालता-फिरता पुळी आपोआप फुटलीच, तर साबण-पाण्याने धुवावी, अँटिबायोटिक मलमाचा पातळ थर लावून पट्टी बांधावी. दोन-तीन दिवसांनंतर लाली कमी होण्याऐवजी पसरू लागली, जागा गरम लागू लागली, ठणका वाढला, लाल रेघ वर चढू लागली किंवा ताप आला, तर मात्र संसर्ग झाला असं समजून डॉक्टर गाठावा. मधुमेह असणाऱ्यांनी तर इतकीही वाट पाहू नये. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली असते, डंख झाल्याचं कळतही नाही, आणि जखम भरायला वेळ लागतो. परदेशी गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कितीतरी जण मधुमेही असतात. संध्याकाळचा फेरफटका झाल्यावर दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि घोटे दिव्याखाली पाहायची सवय त्यांना लावायला हवी. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कुणीतरी ते बघावं.

यापुढची गोष्ट थोड्याच लोकांच्या बाबतीत घडते, पण तिला मिनिटांचा हिशेब आहे. विषात अल्कलॉइडांखेरीज अगदी अल्प प्रमाणात प्रथिनं असतात, आणि गंभीर अॅलर्जी होते ती त्यांचीच. डंख पायाला आणि गांधी उठतात पोटावर, पाठीवर. ओठ, जीभ, पापण्या सुजतात. आवाज घोगरा होतो, घशात काही अडकल्यासारखं वाटतं, छातीत घरघर सुरू होते. पोटात कळा, उलटी, भोवळ. डंखाच्या आसपासची सूज कितीही मोठी असली तरी ती स्थानिकच समजावी. डंखापासून दूर, शरीरात इतरत्र काही होऊ लागलं की ती अॅनाफिलॅक्सिसची खूण. तिथे सेटिरिझिनची गोळी देऊन वाट पाहणं घातक आहे. उपाय एकच: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. पूर्वी असा त्रास झालेल्या माणसाकडे डॉक्टरांनी दिलेलं पेनसारखं तयार इंजेक्शन असतं. ते कपाटात नव्हे, खिशात असायला हवं, आणि घरातल्या दुसऱ्या कुणालातरी ते टोचता यायला हवं. इंजेक्शन देताच अमेरिकेत ९११, महाराष्ट्रात १०८. माणसाला आडवं झोपवून पाय उंच करायचे. श्वास घेता येत नसेल तर बसू द्यायचं, उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचं, पण उठून चालू द्यायचं नाही. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

एकदा असं झालेल्या माणसाने अॅलर्जीच्या तज्ज्ञाकडे जावं, हा सल्ला बरेच जण कानाआड करतात. फायर अँटच्या अॅलर्जीवर लसीसारखी उपचारपद्धती आहे. मुंगीच्या संपूर्ण शरीराच्या अर्काचे अगदी लहान डोस देत देत, ते वाढवत, काही वर्षांत शरीराला त्या प्रथिनांची सवय लावली जाते. वेळखाऊ आहे, पण ज्याला अंगणात पाऊल टाकायचीच भीती बसली आहे त्याच्यासाठी आयुष्य बदलणारी आहे.

डंख टाळायचा तर वारूळ ओळखता यायला हवं. इतर अनेक मुंग्यांच्या वारुळाला माथ्यावर भोक असतं. फायर अँटच्या ढिगाला वरून दार नसतं. त्या जमिनीखालच्या बोगद्यांतून ये-जा करतात. नुसता चाळलेल्या मातीसारखा भुसभुशीत उंचवटा दिसतो. पावसानंतर दोन-तीन दिवसांत असे ढीग एकाएकी उगवतात. कडक उन्हाळ्यात मुंग्या खोल जातात आणि वर काहीच दिसत नाही, म्हणून ढीग नाही तर मुंग्याही नाहीत असं मानू नये. फुटपाथच्या कडा, झाडाचा बुंधा, बागेतली फरशी, एसीचं बाहेरचं यंत्र या त्यांच्या आवडत्या जागा. बागकाम करताना बंद बूट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले आणि हातमोजे. नर्सरीतून तुळस, मोगरा, कढीलिंब आणताना कुंडी टिचकी मारून, उचलून तळाशी बघावी. ही मुंगी अमेरिकाभर पसरली ती बरीचशी अशीच, रोपांच्या मुळांवरच्या मातीतून आणि गवताच्या गठ्ठ्यांतून. म्हणूनच १९५८ पासून तिथे बाधित भागातून अशी माती आणि रोपं बाहेर नेण्यावर सरकारी निर्बंध आहेत.

पुराचं पाणी तिला बुडवत नाही. तिचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतलं पाराना-पॅराग्वे नद्यांचं पूरमैदान. पाणी चढलं की हजारो मुंग्या एकमेकींना जबड्यांनी आणि पायांनी धरून जिवंत तराफा करतात, राणी आणि पिल्लं सांभाळत दिवसचे दिवस तरंगतात. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने ह्यूस्टन बुडालं तेव्हा रस्त्यांवरच्या पाण्यात तांबूस गालिचे तरंगताना जगाने पाहिले. तराफ्यावरची मुंगी नेहमीपेक्षा जास्त विष टोचते. तराफा अंगाला टेकला की माणूस हीच तिची कोरडी जमीन. पुरानंतर सामान उपसताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि हातमोजे हवेत, आणि हाताशी साबणपाण्याचा फवारा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो, अंगाभोवतीचा हवेचा थर निघून जातो आणि ती बुडते.

वारूळ नष्ट करायचं तर घाईने काम बिघडतं, हे अमेरिका फार महाग किंमत देऊन शिकली. ही मुंगी अलाबामातल्या मोबील बंदरात १९३०च्या दशकात जहाजातून उतरली. १९४२ मध्ये तिथे राहणाऱ्या तेरा वर्षांच्या एका मुलाला घराशेजारच्या मोकळ्या जागेत तिचं वारूळ सापडलं. तोच पुढे मुंग्यांचा जगप्रसिद्ध अभ्यासक झाला, एडवर्ड विल्सन. १९५७ साली सरकारने तिच्या नायनाटाची मोहीम जाहीर केली आणि विमानांतून डिल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर ओतलं. पक्षी मेले, मासे मेले, गुरं मेली. रेचल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या १९६२च्या पुस्तकात या फवारणीचा सविस्तर पंचनामा आहे. विषाने स्थानिक मुंग्याही मेल्या, आणि मोकळ्या झालेल्या रानात सर्वांत आधी परतली ती फायर अँटच. विल्सन यांनी या साऱ्या लढाईची तुलना व्हिएतनामशी केली.

आज चालते ती रीत मुंगीच्या जेवणाच्या पद्धतीवर बेतलेली आहे. मोठ्या मुंगीला घन अन्न गिळता येत नाही. ती ते उचलून वारुळात नेते आणि मोठ्या झालेल्या अळ्यांपुढे ठेवते. अळ्या ते पचवतात, द्रवरूप करून परत देतात, आणि तो घास तोंडातोंडी फिरत राणीपर्यंत जातो. राणी रोज हजारभर अंडी घालते. तिला मारल्याशिवाय दोन लाखांचं वारूळ मरत नाही. म्हणून सोयाबीन तेलात भिजवलेल्या मक्याच्या कण्यांत हळू चढणारं विष घालून ते आमिष सगळ्या हिरवळीवर विरळ पसरतात, वसंतात आणि पुन्हा शरदात. कोरडा दिवस हवा. मुंग्या चरायला निघाल्या आहेत का, हे बघायला एक बटाट्याचा वेफर जमिनीवर ठेवतात. अर्ध्या तासात तो मुंग्यांनी भरला की वेळ योग्य. त्याआधी वारूळ काठीने उकरायचं नाही, नाहीतर त्या जेवण सोडून घर हलवतात. काही दिवसांनी जी वारुळं वाटेवर, मुलांच्या खेळण्याच्या जागी उरतात, तेवढ्यांवरच थेट औषध. उकळतं पाणी ओतणारेही आहेत. दहा-बारा लिटर पाण्याने निम्म्याहून अधिक वेळा वारूळ मरतं, गवतही मरतं, आणि ओतणाऱ्याचा पाय भाजण्याचा धोका मुंगीपेक्षा मोठा. पेट्रोल ओतणं हा तर गुन्हाच समजावा. ते जमिनीत मुरतं, पाण्यात उतरतं.

ही मुंगी २००१ मध्ये ब्रिस्बेनला, २००३ मध्ये तैवानला सापडली. २०२३ मध्ये सिसिलीत तिची वारुळं असल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे मात्र तिची एक चुलत बहीण फार पूर्वीपासून आहे. उष्णकटिबंधातली ही फायर अँट शेताच्या बांधावर, बागेत, कंपाउंडच्या भिंतीखाली राहते, गवताचं बी गोळा करते आणि तिच्यातल्या काही मुंग्यांची डोकी बी फोडण्याजोगी मोठी असतात. तिचा डंख सहसा सौम्य असतो, उपचार तोच. मूळची तीही अमेरिका खंडातली. तिच्या जनुकांचा माग काढणाऱ्या संशोधकांना तो मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून मनिलाला जाणाऱ्या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश जहाजांपर्यंत पोचलेला दिसला. तोल सांभाळायला भरलेल्या मातीतून ती आली असावी.

त्याच शतकाच्या सुरुवातीला, १५१८-१९च्या सुमाराला, कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर मुंग्यांचा असा उपद्रव झाला की वसाहतीतली माणसं हवालदिल झाली. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे, आणि विल्सन यांच्या मते त्या डसणाऱ्या मुंग्या याच असाव्यात. लोक झोपण्यासाठी खाटेचे चारही पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवत. आपल्या घरांत दुधा-तुपाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असत, तसंच. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल आणि भिंतीतून तांबड्या मुंग्यांची रांग येत असेल, तर ही वाट्यांची युक्ती आजही करावी. पलंग भिंतीपासून वीतभर सरकवावा, चादर जमिनीला टेकू देऊ नये, आणि वाटीतल्या पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकावेत.